बी दिले, पण माश्या?

(जूनच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर महिला मंडळ व तरुण संघाच्या एकत्र सभेत केलेले भाषण)



मला सांगितले होते की आदिवासी पाड्यांवरच्या कामाचा वर्षाचा अहवाल वीस मिनिटांत द्यावा. वसतिगृहातली मुले, दवाखान्याच्या फेऱ्या, शिवणवर्ग, यांची माहिती आपल्या हाती असलेल्या अंकात छापली आहे, ती घरी सावकाश वाचा. आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती एका पिवळ्या फुलाची आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती चूक तुमच्या दानाच्या पैशांतून झाली, म्हणून तुम्हाला समोरासमोर सांगितलेली बरी.

दीड वर्षापूर्वीच्या नाताळ अंकाचे मुखपृष्ठ कित्येकांना आठवत असेल. डोंगराचा उतार, त्यावर पिवळ्याधमक फुलांची चादर, मध्ये आपल्या वसतिगृहातल्या दोन मुली. फोटो मीच काढला होता. खाली मी लिहिले होते की तुमच्या मदतीने एकतीस कुटुंबांच्या माळावर कारळा फुलला आहे. पुष्कळांनी फोन करून कौतुक केले. एका काकांनी तर तो फोटो चौकटीत बसवून घेतला.

त्या शेतात बहुतेक कुटुंबांच्या हाती दाणा आलाच नाही, ही गोष्ट मात्र पुढच्या कोणत्याही अंकात आली नाही. मी लिहिलीच नाही.

आधी कारळा म्हणजे काय ते सांगते, कारण शहरातल्या नव्या पिढीला तो फक्त चटणीच्या बरणीतून माहीत असतो. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ या बाजूला त्याला खुरासणी म्हणतात. नाव खुरासणी असले तरी मूळचा तो इथिओपियाच्या डोंगरपठारांचा. तिथे त्याला नूग म्हणतात, आणि आजही तिथल्या लोकांच्या स्वयंपाकाच्या तेलाचा तो मोठा आधार आहे. त्याचा रानटी भाऊबंद तिथल्या शेतांत अजून तण म्हणून उगवतो. म्हणजे आपला कारळा हा घरात घेतलेला रानफुलाचाच वंश. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातला. फार पूर्वी तो भारतात आला आणि आदिवासींच्या डोंगरउताराने त्याला ठेवून घेतले.

ठेवून का घेतले? वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई घेतली की तिसऱ्या वर्षी त्या जमिनीत फारसे काही उरत नाही. वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम. अशा ठिकाणी खुरासणी येते. खत मागत नाही. उगवून आली की पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली तरी तग धरते. पाऊस उशिरा आला आणि बाकी पेरणी हुकली तरी ऑगस्टमध्ये ती पेरता येते. गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत, म्हणून कित्येकजण दुसऱ्या पिकाच्या कडेने तिची ओळ लावतात. दाण्यात शंभराला पस्तीसच्या आसपास तेल असते. घाण्यावर तीन-साडेतीन किलो दाण्याचे किलोभर तेल पडते, पेंड गुरांना जाते. भाजून लसूण, मिरची, मीठ घालून कुटले की नागलीच्या भाकरीबरोबर खायला चटणी.

आता दुसरी बाजू. आमच्या पाड्यांवर बहुतेक घरांनी खुरासणी सोडली होती किंवा जी पिकत होती ती सगळीच्या सगळी व्यापाऱ्याला घातली जात होती. तिचा बराच दाणा परदेशी जातो, अमेरिकेत तर लोक अंगणात टांगलेल्या नळकांडीतून तो पाखरांना घालतात. पाखरांबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या बाईने तो दाणा पिकवला ती त्याच बाजारातून पामतेलाची पिशवी घेऊन घरी येते, हे पाहून मला चैन पडेना. दिवाळी झाली की घरेच्या घरे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला निघतात. निघताना डब्यात वर्षाचे तेल असावे, एवढाच आमचा हेतू होता. म्हणून तुमच्याकडे बियाण्यासाठी मदत मागितली आणि तुम्ही ती मोठ्या मनाने दिली.

बियाणे चांगले होते, हे आधी सांगून टाकते. इगतपुरीला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, तिथे या पिकावर बरेच काम झाले आहे. त्यांच्या शिफारशीप्रमाणे एकरी दोन किलो बी घेतले. दाणा अगदी बारीक, काळा, चकचकीत, एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बसतात. नुसता फेकला तर एका जागी मूठभर पडतो आणि दुसरी जागा कोरडी राहते. म्हणून तो वाळूत किंवा चाळलेल्या राखेत कालवून पेरला. ओळीत फूटभर अंतर, दाणा बोटाच्या एका पेराहून खोल नाही. आठवड्याभरात उगवण झाली. पंधरा-वीस दिवसांनी विरळणी केली. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे! दोन महिन्यांनी तो फुलला, मी फोटो काढला, तुम्ही पाहिला.

मग कापणी. बोंडे काळपट झाली, पेंढ्या बांधल्या, खळ्यावर वाळवल्या, झोडपल्या. पहिले सूप पाखडले तेव्हा मी तिथेच उभी होते. भुसा उडायला लागला आणि उडतच राहिला. सुपात उरला तो ओंजळभर दाणा, बाकी सगळे पोचट. ती बाई काही बोलली नाही. तिने दुसरे सूप भरले. तेही तसेच. एका शेजाऱ्याने हसून म्हटले, यंदा मिशनने फुले दिली, दाणे पुढच्या वर्षी देतील.

त्याच पाड्यावर एका आजींनी आमचे बी घेतले नव्हते. त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे होते, वाळलेल्या भोपळ्यात राख घालून ठेवलेले. डोंगराच्या पलीकडे कड्याखाली त्यांचा तुकडा आहे, अर्धा एकरही नसेल. त्यांच्या खळ्यावर मी गेले तर दाण्याची रास होती. मी विचारले, "आजी, तुम्ही काय वेगळे केले?" त्या आपल्या बोलीत जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा, "बाई, तू बी आणलंस. माश्या कोण आणील?"

मला तो टोमणा वाटला. घरी येऊन, पुस्तके काढून, जाणत्यांना विचारून मग उलगडा झाला. सेमिनरीत असताना पेरणाऱ्याच्या दाखल्यावर मी पाच पाने उत्तर लिहिले होते, त्यात वाट, खडक, काटेरी झुडपे, चांगली जमीन सगळे होते. मधमाशी मात्र मला कोणी विचारली नव्हती.

कारळ्याचे असे आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरे तर फुलांचे घर असते. कडेला आठेक पिवळ्या पाकळ्यांची फुले आणि मधल्या डोळ्यात चाळीस-पन्नास बारकी नळीसारखी फुले. प्रत्येकात एक दाणा धरायची जागा. पण एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलाला चालत नाही. झाड तो ओळखते आणि नाकारते. शेजारच्या झाडाचा पराग लागतो आणि तो इतका चिकट असतो की वाऱ्यावर उडून जात नाही. कोणीतरी तो अंगावर घेऊन या झाडावरून त्या झाडावर गेले पाहिजे. हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. आमच्या भागात तीन-चार जातींच्या आहेत. कड्यावर, उंच झाडावर मोठे एकच पोळे लावणारी आग्या. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत अंधारात राहणारी सातेरी, तिला पेटीत पाळता येते. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. आणि डास वाटावा अशी ती बिनडंखाची पोयाची माशी.

तुम्ही म्हणाल, ताई, माश्या तर सगळीकडे असतात. मलाही तसेच वाटत होते. म्हणून मागच्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या मुलांना घेऊन मी एक साधा प्रयोग केला. जुन्या मच्छरदाणीचे तुकडे कापले आणि फुलायच्या आधी दहा कळ्यांवर सैल पिशव्यांसारखे बांधले. शेजारच्या दहा कळ्यांना नुसती लाल सुतळी. बोंडे पिकल्यावर मुलांनी दाणे मोजले. सुतळीच्या बोंडांत वीस, पंचवीस, एकात एकतीस. जाळीतल्या बोंडांत तीन, चार, दोनांत काहीच नाही. सातवीतला एक मुलगा ते रिकामे बोंड हातात धरून बराच वेळ बसला आणि मग म्हणाला, "हे तर गेल्या वर्षीच्या आमच्या शेतासारखं आहे."

आता मूळ प्रश्न. त्या पहिल्या वर्षी माश्या का नव्हत्या? इथे माझी चूक येते.

कारळ्याच्या त्याच उताराखाली ओढ्याच्या कडेने आठ घरांचे मिरची-टोमॅटोचे वाफे आहेत. तेही आपल्याच मदतीतून उभे राहिले. फवारणीचे दोन पंप मीच नेऊन दिले होते आणि औषध कोणते, किती, तेही दुकानदाराच्या सांगण्यावरून मीच लिहून दिले होते. सप्टेंबरमध्ये मिरचीवर कीड आली. सकाळी नऊ-दहा वाजता, ऊन पडल्यावर, वाऱ्याच्या तोंडावर फवारणी झाली. कारळ्याचे फूल सकाळी उमलते आणि माश्यांची गर्दीही साधारण त्याच वेळी असते. वर फुलांचा मळा, खाली विष, आणि दोन्ही माझ्याच वहीत "प्रगती" या सदराखाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात गावच्या पोरांनी जवळच्या उंबरावरचे आग्याचे पोळे मशालीने जाळून मध काढला होता, ते मला नंतर कळले. आजींचा तुकडा डोंगराच्या पलीकडे असल्यामुळे वाचला. तिथे कड्यावर पोळी होती आणि औषध तिकडे पोचले नव्हते. शिवाय त्या पेरतात उशिरा, पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी. त्यामुळे त्यांची फुले पाऊस ओसरल्यावर येतात. आमची फुले ऐन पावसात आली आणि धो धो पावसात माशी पोळे सोडून बाहेर पडत नाही.

दुसऱ्या वर्षी बी वाटायच्या आधी आम्ही बैठक घेतली. बैठक गोड झाली असे मी सांगणार नाही. मिरचीवाल्यांपैकी एक दादा उठून म्हणाले, "फवारायचं नाही म्हणता, मग जळालेल्या मिरचीचे पैसे तुमचं चर्च देणार का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्यांच्या मुलीची फी त्या मिरचीवर होती. आमच्याकडे उत्तर नव्हते. तीन बैठका झाल्यावर एवढे ठरले की कारळा फुललेला असताना शक्यतो निंबोळी अर्कावर भागवायचे. अगदीच वेळ आली तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर फवारायचे आणि आदल्या दिवशी वरच्या शेतकऱ्याला सांगायचे. दादांनी दोनदा तसे केले. एकदा केले नाही. तेही त्यांनी स्वतः येऊन सांगितले.

मध काढणाऱ्यांशी बोलायला मी गेले नाही, आजी गेल्या. पाड्यावर पोळे उतरवणारे तिघेजण आहेत. पेटती मशाल न लावता नुसत्या धुराने माश्या बाजूला करायच्या, मधाचा भाग तेवढा कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, हे त्यांच्या वाडवडिलांना माहीत होते. ते नवीन नव्हते, फक्त घाईत सुटले होते. आम्ही सातेरीच्या दोन पेट्याही आणल्या. त्यातली एक वसाहत पंधरवड्यात उठून गेली, रिकामी पेटी आता माझ्या व्हरांड्यात आहे. सातेरी अशी जाते, तिला जागा पसंत नसली की ती निरोप घेत नाही. दुसरी टिकली.

पेरणीही एकदम केली नाही. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत केली, शेवटचा टप्पा आजींच्या मुहूर्ताला. म्हणजे पाऊस लांबला तरी कोणत्या तरी तुकड्याला कोरडे दिवस मिळावेत. अर्धे बी संशोधन केंद्राच्या वाणाचे, अर्धे आजींच्या भोपळ्यातले. मात्र दोन्ही लांब लांब लावले. या पिकाला शेजाऱ्याचाच पराग लागतो, म्हणून जवळ लावले तर दोन-तीन वर्षांत आजींचे बी आजींचे राहणार नाही.

मागच्या नोव्हेंबरात काय झाले? एकतीसपैकी नऊ घरांनी दुसऱ्यांदा पेरायला नकार दिला होता, त्यांना मी दोष देत नाही. बावीस घरांनी पेरले. पहिल्या टप्प्यातले पुन्हा पावसात सापडले आणि निम्मे पोचट गेले. मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात दाणा भरला. चांगल्या तुकड्याला एकराच्या हिशेबाने दीड क्विंटलपर्यंत उतारा आला. उतारावरच्या हलक्या जमिनीला तो वाईट नाही. चौदा घरांनी आपल्यापुरते तेल काढून घेतले. पहिल्या वर्षी गप्प राहून दुसरे सूप भरणारी ती बाई या वेळी पाच लिटरचा डबा डोक्यावर घेऊन घाण्यावरून आली. ती दिवाळीनंतर निफाडला गेलीच, मुक्काम काही टळला नाही. पण डबा बरोबर नेला.

या वेळी मी फोटो काढला नाही. मुलांनी दाणे मोजलेली वही आणली आहे, ती मागच्या टेबलावर आहे, ज्यांना पाहायची त्यांनी जरूर पाहावी.

आता तुमच्याकडे एक काम आहे. टेबलावर कागदाच्या लहान पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पुडीत एक चमचा खुरासणीचे बी आहे, सुमारे हजार दाणे. ज्यांच्या घरापुढे, शाळेच्या आवारात किंवा कंपाउंडच्या कडेला दहा फूट लांब, तीन फूट रुंद उन्हाची पट्टी असेल त्यांनीच न्यावी. सावलीत ते नुसते उंच वाढते. कुंडीत एकटे झाड लावू नका, का ते आता तुम्हाला माहीत आहे. एकट्या झाडाला फुले येतील, दाणा येणार नाही. जुलै जाऊ द्या, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पेरा. माती हाताने भुसभुशीत करा, शेणखत घालू नका, फार खताने ते लोळते. बी मूठभर बारीक वाळूत कालवा, तीन ओळी ओढा, वरून अर्धा इंच माती. सगळे उगवले तर दाटी होईल, पंधरा दिवसांनी चार-पाच बोटांवर एक रोप ठेवून बाकीची उपटा. उपटताना जीव हळहळतो, तरी उपटा. कुठे पिवळ्या दोऱ्यासारखी, पानांवाचून असलेली वेल गुंडाळलेली दिसली तर ती अमरवेल. बी आम्ही चाळले आहे तरी एखादा दाणा निसटतो. ती दिसताच झाडासकट उपटून जाळा, फूल येऊ देऊ नका. पाऊस थांबल्यावर रोपे दुपारी मान टाकतील आणि संध्याकाळी उठतील. लगेच पाणी ओतू नका. महिनाभर थेंब नसेल तर एकदा द्या.

ऑक्टोबरमध्ये फुले आली की एखाद्या सकाळी नऊच्या सुमारास दहा मिनिटे तिथे उभे राहा आणि किती माश्या येतात ते मोजा. सोसायटीत डासांसाठी धुराचे मशीन येत असेल तर तेही लिहून ठेवा. नोव्हेंबरअखेर बोंडे काळपट झाली की कापून जुन्या चादरीवर वाळवा, काठीने झोडा, पाखडा.

तरुण संघाच्या मुलांनी मघाशी विचारले की पुडीचे पैसे किती. पैसे नाहीत. हे बी आजींच्या भोपळ्यातले आहे, त्यांनी ते स्वतः मुठीने मोजून दिले. पण त्यांनी ते दान दिलेले नाही, उसने दिले आहे, आणि आमच्याकडे उसने बी दीडपट करून परत करायची रीत आहे. नाताळच्या आधीच्या रविवारी मी इथे परत येईन, तेव्हा दीड चमचा परत हवे. ज्यांचे पोचट गेले त्यांनी पोचट आणावे, तेही आजींना दाखवायचे आहे.